अक्काचा लाडवांचा डबा

बाळंतिणीच्या लाडवाला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. पुसेगावात आमच्या आळीत कुणाच्याही घरी बाळंतपण असलं की तुपात डिंक तळल्याचा वास गल्लीभर फिरायचा, पण लाडू एकदा बाजेखालच्या डब्यात गेला की गेला. पोरांनी हात पुढे केला तर आया डोळे वटारायच्या. बाळंतिणीच्या वाट्याचं खाल्लं की तिचं दूध आटतं आणि लेकराच्या पोटावर पाय येतो, असं म्हणायच्या. खरंखोटं देव जाणे. मला वाटतं, एरवी सगळ्यांच्या शेवटी तळाचं खरवडून खाणाऱ्या बाईला जन्मात एकदा तरी पोटभर मिळावं म्हणून कुण्या शहाण्या म्हातारीनं हा धाक घालून ठेवला असेल. धाक कामाला यायचा. मी तर तो इतका पाळला की स्वतः वळलेल्या लाडवाची चवसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हती.

आई गेली तेव्हा मी लहान होते, इतकी लहान की तिचा चेहरा आठवायचा म्हटलं तर मला अक्काचाच आठवतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. माझी वेणी ती घालायची, माझ्या डोक्यातल्या उवा ती काढायची, भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तेलमीठ भरून माझ्या हातात ती द्यायची. झोपताना मी तिच्या पदराचं टोक मुठीत धरायची. तिचं लग्न झालं, ती सिद्धेश्वरच्या धरणाकडच्या एका गावी दिली गेली, तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही आणि दादांनीही, म्हणजे आमच्या वडिलांनी, मला जेव म्हटलं नाही. त्यांनाही घास जात नसावा. अक्काचं घर कालव्याच्या पाण्याचं, भरल्या गोठ्याचं. सासू, नवरा आणि एक धाकटा दीर, एवढीच माणसं. पंचमीला ती आली तेव्हा मी विचारलं, "कसं हाये गं घर?" ती म्हणाली, "घर मोठं हाये. बोलायला भिंती हायेत." मी हसले. मला ती गंमत वाटली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माहेरात आई नसेल तर रीतीनं काय करावं? दादा अंगणात बसून नुसते तंबाखू मळत राहिले. "घरात बाईमाणूस न्हाई," ते म्हणाले, "इहीणबाई म्हणत्यात आमी तिकडंच करतो. करू द्यावं." यावर अक्कानं एसटीनं स्वतःच येऊन निकाल लावला. सातवा संपला होता, पायांवर सूज होती, आणि उंबऱ्यातच तिनं सांगून टाकलं, "मी इथंच बाळंत हुईन. बाईमाणूस न्हाई कसं? इमल हाये की." इमल म्हणजे मी. शाळेच्या दाखल्यावर विमल. त्या वर्षी मी दहावीला होते.

मला शिकायचं होतं. गावात एक नर्सबाई यायच्या, पांढरी साडी, खांद्याला पिशवी, आणि भल्या भल्या बागायतदारांना त्या "हात पुढं करा" म्हणून दटावायच्या आणि ते करायचे. मला तसं व्हायचं होतं. दादा मुलीला गावाबाहेर शिकायला पाठवतील याची आशा नव्हती, पण अक्काचा शब्द ते मोडत नसत. शिजवलेली हळद अंगणात वाळायला घालायच्या जागेवर आम्ही दोघी बसलो होतो, तिथं अक्का म्हणाली, "तू माझं एवढं बाळंतपण काढ. मी दादाला बोलून तुला अकरावीला हिंगोलीला घालते. पुढं तुझं नर्सचं बी बघू." आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "तुझी आन." आमच्याकडं लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली आन ही काही चेष्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. मी त्याच दिवसापासून कामाला लागले.

मला शिकवलं ते रुक्मिणकाकूंनी. या आमच्या भावकीतल्या चुलत्या, शेजारीच राहायच्या, तोंडाच्या फटकळ. पहिल्या दिवशी त्यांनी मला बांधावर नेलं आणि बाभळीच्या खोडावर साकळलेला डिंक दाखवला. "दुकानातला आणू नको. त्यात काय काय मिसळत्यात. आपल्या बाभळीचा घे, फक्त मुंग्या झटक." पुढचे कित्येक दिवस मी शाळेतून येताना वाकडी वाट करून बांधाबांधानं यायची आणि ओच्यात डिंकाचे खडे आणायची. ते उन्हात वाळवले की मधाच्या रंगाचे दिसायचे. मग मेथ्या दळून तुपात भिजत घालणं, खारका फोडून बिया काढणं, खोबरं किसून मंद आचेवर भाजणं, खसखस, सुंठ, आणि गोडंबी. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. नीट निवडला नाही आणि त्याला तेल लागलेलं राहिलं तर तोंड उततं, म्हणून काकू एकेक दाणा माझ्याकडून पुसून घ्यायच्या. उखळात खारीक कुटताना होणारा तो भरीव धपधप आवाज आमच्या घरात आई गेल्यापासून कुणी ऐकला नव्हता. दादा ओसरीवरून उठून आत डोकावून गेले.

सगळ्यात अवघड डिंक तळणं. "घाई करशील तर मरशील," काकू म्हणायच्या. "आच मोठी झाली की वरून लाहीवानी फुलतंय अन् आत कच्चं राहतंय. मग बाळंतीण बसते दात धरून." तूप तापवायचं, चिमूट चिमूट डिंक सोडायचा, फुलला की लगेच काढायचा, गार झाल्यावर एक खडा बोटात चुरडून बघायचा. चुरचुरला तर झाला. माझी बोटं पोळली, पण माझा डिंक पहिल्या खेपेलाच चुरचुरला, आणि फटकळ रुक्मिणकाकू म्हणाल्या, "माय मरो अन् मावशी जगो, ते काही उगीच म्हणत न्हाईत." कारण तोवर मी मावशी झाले होते. आतल्या खोलीतून लेकराचा आवाज येत होता.

मुलगी झाली. आमच्या घरात त्याबद्दल कुणी तोंड वाकडं केलं नाही, हे मात्र सांगायला हवं. दादांनी गूळ वाटला. मी पहाटे उठून चूल पेटवायची, अक्काला शेक, लेकराला तेल, मग अक्काला मऊ भात आणि त्यावर तूप. मग बाजरीची भाकरी, लसूण घालून शेपू, कधी मेथी, दुपारी हाळिवाची खीर, जेवणानंतर ओवा, बाळंतशेपा आणि भाजलेल्या खोबऱ्याची चिमूट. बाजेखाली शेगडी, त्यात ओव्याची धुरी. सकाळी एक लाडू, संध्याकाळी एक. मी तो डब्यातून काढून अक्काच्या तळहातावर ठेवायची आणि ती खाईपर्यंत समोर बसायची. चुलीपुढं भूमिती पाठ व्हायची, पुस्तकाला तुपाची बोटं लागायची. शाळेत पोरी म्हणायच्या, इमलच्या वहीला ओव्याचा वास येतो. मला त्याचा राग येत नसे. मी एका माणसाचं दूध तयार करत होते, असंच मला वाटायचं. बारशाला ज्योती नाव ठेवलं. मी रोज तिला पायावर घेऊन सांगायची, "मावशी म्हण. मा-व-शी." ती जांभई द्यायची.

आता हे सगळं खोक्यात मिळतं. परवा शेजारच्या सुनेला कुरिअरनं लाडू आले, वर गुळगुळीत कागद, आत ओट्स. मी एक फोडून बघितला. वाईट नव्हता. पण तो कुणासाठी केलाय हे करणाऱ्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

डबा मात्र फार लवकर रिकामा व्हायला लागला. दर आठ-पंधरा दिवसांनी दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, लेकरू बघायला यायचे, आणि ते येऊन गेले की डब्याचा तळ दिसायचा. मी अक्काला विचारलं, तर ती पदरात तोंड लपवून हसली. "भूक लई लागून राहिली गं." मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सासरी वाळलेली माझी अक्का माझ्या हातचं खाऊन भरत होती. मी पुन्हा बांधावर गेले, पुन्हा डिंक आणला, पुन्हा उखळ. रुक्मिणकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाळंतीण हाये का वरात हाये? एवढे लाडू एकटी खाईना कुणी." मी त्यांच्यावर चिडले. माझ्या अक्काच्या घासावर कुणी नजर ठेवलेली मला खपली नाही.

सव्वा महिना सरला आणि अक्काची सासू तिला न्यायला आली. मी चहा ठेवला. बाईनं कप बाजूला सारला आणि माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, उलटापालटा करून बघितला. बोटांना पोळल्याचे डाग होते.

"ह्याच हाताचे लाडू व्हय गं?" त्या म्हणाल्या. "आमच्या धाकल्यानं तर फस्त केले बघ सारे. थोरला घेऊन आला की हा डब्यावर बसलेला."

"कोणते लाडू, मावशी?" मी विचारलं.

"अगं, तुझी अक्का धाडीत नव्हती का दर खेपेला? म्हणली, माझ्या बहिणीच्या हातची चव तर बघा आधी, मग बोला. बघितली की! आता काय बोलायचं राहिलं?" आणि त्या दादांकडे बघून हसल्या, आणि दादाही हसले. खूप दिवसांनी हसले.

"अक्कानंच इषय काढला," दादा मला म्हणाले. जणू चांगली बातमी देतात तसं. "बहीण-बहीण एका घरात. मला बी घोर न्हाई, तुला बी परकं न्हाई. सुपारी फोडून टाकू."

"दादा, मला अकरावीला जायचंय."

"शिक की. कोण नको म्हणून राहिलंय? आधी दहावीचे पेपर दे, मग लगीन."

सगळे हसले. मी चुलीवरची हाळिवाची खीर वाटीत काढली, कारण अक्काच्या खिरीची वेळ झाली होती, आणि आत गेले. अक्का बाजेवर बसलेली, कानाला फडकं, मांडीवर ज्योती पीत होती. बाहेरचं सगळं तिला ऐकू आलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, वाटीकडे बघितलं.

"लाडू कुठं गेले, अक्का?"

"ठेव तिथं खीर."

"मी विचारून राहिले, लाडू कुठं गेले?"

"बस आधी," ती म्हणाली. मी बसले नाही. मग ती खालच्या आवाजात घाईघाईनं बोलायला लागली. "तुला ठाऊक न्हाई त्या घरात कसं वाटतंय ते. मला ताप आला तर पाणी द्यायला कोणी न्हाई. सासूबाई तोंडानं गोड हायेत, हातानं न्हाई. तू हिंगोलीला गेलीस, नर्स झालीस, मग कुठल्या कुठं पडशील. मग माझं कोण? तू जाऊ म्हणून आलीस तर आपण दोघी. आपलंच राज्य."

"अन् माझी अकरावी?"

"शिकून काय गं. शेवटी चूलच फुंकायची."

"तू माझ्या डोक्यावर हात ठेवला होतास."

यावर ती रडायला लागली. ज्योतीच्या तोंडातून दूध सुटलं, तीही रडायला लागली. अक्का म्हणाली, "मी तुला दूर न्हाई लोटलं, इमल. जवळ केलं." बाळंतिणीला रडवू नये, तिच्या जिवाला लागलं की दूध नासतं, हेही मला रुक्मिणकाकूंनीच शिकवलेलं. मी खीर तिच्या हातात दिली आणि तिनं ती डोळे पुसत पुसत संपवली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगावं कुणाला? परक्यानं गळा कापला असता तर मी ओरडले असते. हिनं माझी वेणी घातली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. आणि कशानं कापला, तर माझ्याच लाडवांनी. मी पोळलेल्या बोटांनी स्वतःची सोयरीक वळत बसले होते आणि वर पुन्हा आनंदात होते.

एक गोष्ट मला आजही गिळता येत नाही. तिनं मला सांगितलं असतं, "इमल, मी एकटी पडले गं, माझ्याजवळ ये," तर कोण जाणे, मी गेलेही असते. तिच्या पदराचं टोक धरून झोपणारी पोरगी होते मी. पण तिनं मागितलं नाही. तिनं नमुना पाठवला.

पेपर दिले. वैशाखात लग्न झालं. निकाल लागला तेव्हा मी सासरी भाकऱ्या थापत होते. दाजींनी औंढ्याहून पेपर आणला, मी पहिल्या वर्गात पास झाले होते, आणि अक्कानं सगळ्या गल्लीत साखर वाटली. "माझी बहीण हाये," म्हणून सांगत फिरली. मी तिच्या ताटलीतली चिमूटसुद्धा घेतली नाही. माझे यजमान माणूस वाईट नव्हते. लग्नाआधी त्यांना माझ्या हातची चव फार कळायची. लग्नानंतर मात्र त्यांनी कधी भाजीत मीठ कमी आहे की जास्त आहे हेही सांगितलं नाही. आणि सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ठरवून दिलं, की सासरचं नातं मोठं, तेव्हा ज्योतीनं मला मावशी नाही, काकू म्हणायचं. तिला बोलता येण्याआधीच माझी मावशी गेली. ज्योती आयुष्यभर मला काकूच म्हणत आली.

मला दिवस गेले तेव्हा माहेरी जायचा प्रश्न आला. पण माहेरी होतं कोण? दादा एकटे, आणि जिनं बाळंतपण करायचं ती बहीण तर सासरीच बसलेली. अक्कानं माझं नुसतं शिक्षण नाही घेतलं, माझं माहेरही आपल्या घरी उचलून आणलं. मी तिथंच बाळंत झाले. लाडू अक्कानं केले. जन्मात पहिल्यांदा केले, कारण तिच्या वेळी तर सगळं मीच केलं होतं, ती फक्त खात होती, नाहीतर धाडत होती. तिनं एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि मी खाईपर्यंत समोर बसली, अगदी मी बसायची तशी. मी घास घेतला. डिंक आत कच्चा होता. दोन्ही दाढा चिकटून बसल्या. इतके महिने जे बोलायचं म्हणून मी मनात धरून ठेवलं होतं, ते नेमकं तेव्हा ओठावर आलं होतं, आणि तोंड उघडेना.

"तुझ्यासारखे न्हाई जमले गं," ती म्हणाली. मी नुसती मान हलवली. मग ते राहूनच गेलं. दोन चुली झाल्या, सासूबाई गेल्या, आमचे दोघींचे यजमान गेले, आणि आता या जुन्या घरात एका भिंतीच्या अलीकडे मी आणि पलीकडे ती. दुपारचा चहा एकत्र घेतो. लोक म्हणतात, बहिणी असाव्यात तर अशा.

गेल्या आठवड्यात ज्योतीचा पुण्याहून फोन आला. तिच्या मुलीला नववा लागलाय. अक्का माझ्याच ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसली होती. फोन मोठ्या आवाजावर ठेवून मी ज्योतीला सगळं सांगितलं, बाभळीच्या डिंकापासून गोडंबी पुसण्यापर्यंत. आच बारीक ठेव म्हटलं. बोटात चुरडून बघ म्हटलं.

"अन् एक ध्यानात ठेव," मी म्हणाले, "लाडू तिचे तिनंच खायचे. दुसऱ्याला चव बी दाखवायची न्हाई."

"काहून काकू? काय होतंय त्यानं?"

मी तोंड उघडण्याआधी अक्काच बोलली. तेलाचा हात गुडघ्यावर तसाच ठेवून, फोनकडे वाकून म्हणाली, "दूध आटतंय, बाई. जुनी रीत हाये."

मी तिच्याकडे बघितलं. पांढरी झालेली वेणी, कानाला अजून तसंच फडकं. या वेळी माझ्या दाढेत काही चिकटलेलं नव्हतं.

"दूध न्हाई आटत, ज्योती," मी म्हणाले. "बहीण जाते."

फोनमध्ये थोडी खरखर झाली. "हॅलो? काकू, आवाज तुटला. काय जाते?"

मी परत सांगितलं नाही. जिला ऐकायचं होतं तिनं ऐकलं होतं. अक्कानं तेलाची वाटी उचलली, भिंतीला हात धरत उठली आणि आपल्या दारानं आत गेली. चहा त्या दिवशी मी एकटीनंच घेतला.